भाकरीला गिरणी लागते

दीड वर्षापूर्वी आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी बंद झाली. कुणी भांडलं नाही, सह्यांची मोहीम निघाली नाही. इमारत जुनी होती, पुनर्विकासाला गेली आणि तळमजल्यावरचे चार गाळे रिकामे झाले. इस्त्रीवाला पुढच्या चौकातल्या झाडाखाली गेला. चपला-छत्र्या शिवणारे काका कुठे गेले ते कळलं नाही. स्टेशनरीवाल्याने धंदाच बदलला. गिरणीवाले काका म्हणाले, "मशीन विकून टाकली ताई. आता गावाकडंच." जाताना त्यांनी आमचा डबा परत केला. झाकणावर ऑइलपेंटने आमचं आडनाव, त्यातला एक काना पुसलेला.

दोन महिन्यांत आमच्या घरातली रोजची ज्वारीची भाकरी रविवारची झाली. सहा महिन्यांत पाहुण्यांची झाली.

पुण्यातलं आमचं घर चौघांचं: सासूबाई, नवरा, मुलगा आणि मी. ओला कचरा घरात जिरवतो, कापडी पिशवी विसरली तर कोथिंबिरीची जुडी हातात धरून येतो, दोडक्याच्या शिरांची चटणी करतो, भाजी हंगामाची खातो. सोसायटीत आमची ओळख 'ते पर्यावरणवाले' अशी आहे आणि ते ऐकून आम्ही थोडे फुगतोही. गिरणी गेली तेव्हा ही हवा निघाली. आमच्या मतांत, शिस्तीत, मुलाला सांगायच्या गोष्टींत काही फरक पडला नव्हता. फक्त चालत तीन मिनिटांवरची एक सोय गेली होती आणि ताटातलं धान्य बदललं होतं. तेव्हापासून मला वाटतं, घराच्या हिरवेपणाचं श्रेय आपण उगाच घरालाच देतो. त्याचा मोठा हिस्सा चालत जाण्याच्या अंतरात काय उरलंय यावर ठरतो, आणि तिथे काय उरू द्यायचं हा सार्वजनिक निर्णय आहे.

भाकरीचंच बघा. ज्वारीत ग्लुटेन नसतं. गव्हाच्या कणकेसारखा ताण तिला नाही. ताजं पीठ आणि कढत पाणी एवढ्याच भांडवलावर भाकरी थापली जाते. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, थापताना कडेने चिरा पडतात आणि तव्यावर टाकायला उचलली की भाकरी हातात मोडते. बाजरीचं तर आणखी नाजूक. तिच्यात तेलाचा अंश जास्त, त्यामुळे पीठ थोड्याच दिवसांत कडवट लागतं. म्हणून आपल्याकडे धान्य वर्षाचं भरायचं आणि दळण आठवड्याचं, अशी रीत होती. गिरणीचा नंबर लावणं, ज्वारीवर ज्वारीच टाका म्हणून बजावणं, गव्हावर बाजरी दळली म्हणून कुरकुरणं हे सगळं त्या रीतीचाच भाग.

गिरणी गेल्यावर आम्ही पाकिटातलं ज्वारीचं पीठ आणलं. पाकिटावर दळल्याची तारीख सात आठवड्यांपूर्वीची. सासूबाईंनी परातीत थोडं घेतलं, पाणी घातलं, चिमटीत दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "याला विरीच नाही. याची थालीपिठं कर." आम्ही ओळीने अकरा दिवस थालीपिठं खाल्ली. बाराव्या दिवशी मुलाने पोळी मागितली आणि कुणी त्याला काही बोललं नाही.

यावर ओळखीच्या प्रत्येकाने एकच उपाय सुचवला: घरघंटी घ्या. कपाटाएवढं यंत्र, किंमत हजारांत, आवाज मिक्सरच्या थोरल्या भावासारखा. घेऊ शकतो आम्ही, आणि तिथेच मला खटकतं. चाळीस फ्लॅटच्या इमारतीत चाळीस यंत्रं, प्रत्येक आठवड्यातून अर्धा तास चालणार आणि उरलेला आठवडा त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले जाणार. एका गिरणीचं काम चाळीस मोटरींनी करायचं आणि त्याला हिरवी जीवनशैली म्हणायचं. ज्यांच्याकडे ते यंत्र घ्यायला पैसे नाहीत किंवा ठेवायला कोपरा नाही, त्यांनी भाकरी सोडायची. भाकरी ही ज्यांच्या जिवावर टिकली त्यांच्याच ताटातून ती आधी जाणार, ही यातली खरी गंमत.

आता वर पाहा. 2018 हे आपल्या देशाने भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, 2023 साली तर संयुक्त राष्ट्रांनी जगभर साजरं केलं. ज्वारी-बाजरीला 'श्री अन्न' असं भारदस्त नाव मिळालं. देशात सर्वांत जास्त ज्वारी पिकवणारं राज्य आपलंच. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी ही ज्वारीची जात गेली कित्येक दशकं रब्बीची राणी आहे आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. केंद्राच्या हमीभावाच्या यादीत मालदांडीची वेगळी ओळ असते: 2025-26 च्या खरीप हंगामासाठी क्विंटलला 3,749 रुपये. एवढा मानपान असूनही ज्वारीखालचं क्षेत्र वर्षानुवर्षं आटतंय. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर, वेगळं पाणी न मागता येणारं हे पीक. पण काढणी म्हणजे ताट न् ताट हाताने उपटायचं. त्या कामाला माणसं मिळत नाहीत, पाखरं राखायला कुणी उरलेलं नाही, आणि गव्हा-तांदळाची जशी हमखास सरकारी खरेदी होते तशी हिची होत नाही. शेतकऱ्याने हरभरा किंवा ऊस लावला तर त्याला शहाणपण शिकवणारे आपण कोण?

शहरातल्या आम्हा मंडळींना ज्वारी आठवते ती जानेवारीत. माणशी काहीशे रुपये भरून हुरड्याला जायचं, गोवऱ्यांच्या आगीत भाजलेली कणसं कुणीतरी चोळून द्यायची, लसणाच्या चटणीबरोबर खायची, फोटो काढायचे आणि परतीच्या वाटेवर टोलनाक्यापाशी पिझ्झा. मीही केलंय हे. हुरडा उत्तम होता.

सासूबाई बार्शीकडच्या. त्यांच्या आठवणीत दुसरीही ज्वारी आहे. 1972 च्या दुष्काळात रेशनवर आलेली अमेरिकेची लाल मिलो. "जनावराचं खाणं माणसाला घातलं," असं त्या आजही म्हणतात. त्या पिढीला पोळी म्हणजे सण आणि भाकरी म्हणजे रोजची ओढाताण. रेशनवर पुढे गहू-तांदूळ नियमित मिळू लागल्यावर भाकरी मागे पडली, यात त्यांना वाईट वाटण्यासारखं काहीच वाटलं नाही. उलट बरे दिवस आले असं वाटलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण 'आपलं पारंपरिक अन्न' या विषयावर हळवं होणाऱ्यांना हे दिवस आठवत नसतात. लोक चवीने खातात हे खरं, पण रेशन दुकानात काय मिळतं त्यानुसार चवच घडत जाते. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन आणि भरडधान्य एक रुपया किलो असा दर लिहिलेला होता. म्हणजे ज्वारी द्यायची मुभा कायद्यात होतीच. ती महाराष्ट्राच्या रेशन दुकानांतून सातत्याने, सगळीकडे दिली गेली असती तर बार्शीच्या शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळालं असतं, आणि वस्तीतल्या गिरणीला दळणही.

एक गोष्ट मात्र आमच्यासारख्यांनी कबूल केली पाहिजे. स्थानिक म्हणजे आपोआप हिरवं, हे समीकरण चुकीचं आहे. साखरेइतकं स्थानिक दुसरं काय आहे पुण्यात? राज्यातल्या पिकांखालच्या जमिनीत उसाचा वाटा अगदी थोडा, पण सिंचनाचं निम्म्याहून अधिक पाणी तो पितो. मुळशीच्या आंबेमोहराच्या वासाने मी अजून वेडी होते, पण भाताच्या पाणथळ खाचरातून मिथेन निघतो आणि त्याला मानांकनाचं काही सोयरसुतक नसतं. अन्नामुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा लहान असतो, साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी. किती लांबून आलं यापेक्षा काय खातो आणि ते कसं पिकवलं, हे जास्त मोजलं जातं.

एकदा मी वहीत हिशेब मांडला. 14.2 किलोचं गॅस सिलिंडर पूर्ण जळलं की साधारण 42 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. आम्हाला वर्षाला आठ सिलिंडर लागतात. म्हणजे 340 किलोच्या आसपास. त्याच वर्षी दिराच्या मुलीच्या लग्नाला आम्ही तिघं विमानाने दिल्लीला जाऊन आलो होतो. त्या एका फेरीचं अंदाजे सहा-सातशे किलो. वर्षभर झाकण ठेवून डाळ शिजवली, कुकर बंद करून वाफेवर भात होऊ दिला, त्या सगळ्या काटकसरीच्या कितीतरी पट आम्ही दोन तासांच्या आकाशात उडवून आलो. वही मिटली. नवरा म्हणाला, "पुढच्या वेळी रेल्वेनं जाऊ." पुढच्या वेळी रेल्वेचं आरक्षण मिळालं नाही, हे आलंच.

मग स्थानिक खायचं कशासाठी? माझ्यापुरतं उत्तर कार्बनचं नाही. ताजं मिळतं, हंगाम कळतो, आणि पिकवणारा आपल्या ओळखीच्या अंतरात राहतो. पावसाळ्यात आमच्या चौकात एक बाई मावळातून यायच्या. टोपलीत टाकळा, कुर्डू, भारंगी, नशीब असेल तर शेवळं आणि करटोली. शेवळं कशी निवडायची, खाज जावी म्हणून त्यात काकडं, म्हणजे रानातली आंबट फळं, का घालायची, हे मला कुठल्याही पुस्तकाने नाही, त्यांनी फुटपाथवर बसून शिकवलं. "चिंच तरी घाल गं, न्हाईतर घसा धरील." रस्ता रुंद झाला त्या वर्षापासून त्या दिसत नाहीत. आता ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरतात, तिथे मांडव असतो, फलक असतो, भाजीच्या औषधी गुणांची माहिती असते. चांगली गोष्ट आहे. पण महोत्सव वर्षातून एकदा आणि भूक रोज लागते. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना गावठी बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री दिली गेली, ती योग्यच होती. मात्र त्या बियाण्याचा वाल आणि घेवडा शहरात विकायला बसायला जागा कुठे, हा प्रश्न पुरस्काराने सुटत नाही.

कायदा आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावं असं लिहिलंय, नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांतूनच निवडायला सांगितलंय. 2016 मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला आणि शहरांत शेतकरी आठवडे बाजार भरू लागले. जिथे ते नीट चालतात तिथे संध्याकाळी सहानंतरची गर्दी बघा. लोकांना प्रबोधन लागत नाही, जागा लागते. पण एकीकडे हे, आणि दुसरीकडे दर नव्या आराखड्यात भाजीची गाडी म्हणजे अडथळा, टोपली म्हणजे अतिक्रमण. दहा मिनिटांत घरपोच येणारी प्लॅस्टिकमधली चिरलेली भेंडी मात्र कुणाच्याच वाटेत येत नाही, कारण तिचं गोदाम आपल्याला दिसत नाही.

कचऱ्याची कथाही अशीच. आमच्या गॅलरीतल्या खताच्या ड्रमचा पहिला पावसाळा मी विसरणार नाही. उत्साहात भाजीची देठं, आंब्याच्या साली, उरलेली आमटीसुद्धा ओतली. आठव्या दिवशी झाकण उघडलं तर आतलं सगळं हलत होतं. पांढुरक्या, जाड अळ्या, शेकड्यांनी. त्यातल्या काही सरपटत खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कुरडयांपर्यंत पोचल्या. पुढचे आठ दिवस काकू लिफ्टमध्ये माझ्याशी बोलल्या नाहीत. चूक साधी होती: ओलं फार, कोरडं काहीच नाही. पालापाचोळा आणि नारळाचा भुसा घालायला लागल्यावर ड्रम शहाण्यासारखा वागू लागला. गंमत अशी की ज्या पाचोळ्यासाठी मी वणवण फिरत होते, तो सोसायटीचा माळी मागच्या बाजूला रोज सकाळी पेटवत होता.

पण ओला कचरा घरी जिरवून आम्ही उपकार करतोय असं कुणी म्हटलं की मला आमच्या कचरावेचक ताई आठवतात. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 मध्ये उभी राहिली, डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने. त्यातूनच पुढे कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. दारोदार जाऊन ओलं-सुकं घेणं आणि सुक्यातून कागद, काच, प्लॅस्टिक, पत्रा वेगळा करून भंगारात पोचवणं, या कामामुळे किती माल कचरा डेपोवर जायचा वाचतो, हे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांना विचारा. शहराचा कचरा वर्षानुवर्षं त्यांच्या दारात पडला. त्यांच्या विहिरींचं पाणी खराब झालं तेव्हा कुठे आपण 'वर्गीकरण' हा शब्द शिकलो. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका, घातक असे तीन भाग सक्तीचे केले. ती सक्ती कागदावरून दारापर्यंत आणतात या बाया, त्याही घराघरातून मिळणाऱ्या तुटपुंज्या शुल्कावर, आणि करार संपत आला की मुदतवाढीची वाट बघत. आमचा हिरवेपणा त्यांच्या हातमोज्यांवर उभा आहे, आणि ते हातमोजे वेळेवर मिळतीलच असंही नाही.

घराच्या आतला हिशेबही मांडायला हवा. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्या कामातला दिवसाचा सरासरी वेळ 289 मिनिटं निघाला, पुरुषांचा 88. आता यात हिरवेपणा मिळवा. कापडी पॅड धुणं, ड्रम ढवळणं, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवणं, पाकीट न आणता दळण आणणं, पालेभाजी निवडणं. ही मिनिटं कुणाच्या खात्यात जातात? आमच्या घरी पहिली तीन वर्षं माझ्या. सोसायटीच्या वार्षिक सभेत मात्र 'शून्य कचरा' यावर भाषण नवऱ्याने केलं. टाळ्याही मिळाल्या. त्या रात्री ड्रमची फावडी मी त्याच्या उशीशी ठेवली. तेव्हापासून ड्रम त्याचा. भाकरीही शिकलाय तो. त्याची भाकरी साधारण महाराष्ट्राच्या नकाशासारखी होते, कोकणाकडे पातळ आणि विदर्भाकडे जाड, पण भाजते छान. हल्ली पीठच नाही, ही गोष्ट वेगळी.

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण माझे वडील तोच घेतात. "सगळं सरकारनं करायचं? माणसाने स्वतः काही करायचं की नाही? आमच्या आईने जात्यावर दळलं." बरोबर आहे. आजीने दळलं, पहाटे चारला उठून. तिच्या ओव्या आपल्याला गोड वाटतात. तिला उत्तरं देता आली असती तर गिरणी आली तेव्हा तिने पेढे वाटले असते असं मला वाटतं. गिरणी ही त्या काळची सार्वजनिक सोयच होती. तिने बाईची पहाट वाचवली आणि भाकरीही वाचवली. कष्ट कमी करून सवय टिकवणं, हे गिरणीने करून दाखवलं. मला तेवढंच हवंय. प्रयत्न घरांनी करावेतच, आळशी लोक कुठेही असतात आणि दोन पावलांवरच्या डब्यात कचरा न टाकणाऱ्याला कुठलीही योजना सुधारणार नाही. पण जो करू पाहतो त्याला रोज पोहून नदी ओलांडायला लावायची आणि पलीकडे पोचलेल्या चौघांचा सत्कार करायचा, याला धोरण म्हणत नाहीत. पूल बांधा की.

मालमत्ता करात पुण्यात गांडूळखत, सौर ऊर्जा, पावसाचं पाणी जिरवणं यांसाठी सवलत आहे. म्हणजे हिरव्या वागण्याची किंमत मोजता येते, हे तत्त्व मान्य झालेलं आहे. मग पुनर्विकासाच्या मंजुरीत पार्किंग किती, लिफ्ट किती, हे जसं बारीक लिहितात तसं तळमजल्यावर शंभर-दीडशे चौरस फूट गिरणीला, इस्त्रीला, भाजीला परवडणाऱ्या भाड्यात राखून ठेवायचं, हे का नाही लिहीत? विकसकाला तेवढ्या जागेचं जादा चटईक्षेत्र द्या. सहा मजल्यांच्या जागी बावीस मजले चढतात तिथे एवढी जागा जड नाही.

त्या गिरणीच्या जागेवरची नवी इमारत आता पूर्ण होत आलीय. आमच्या सोसायटीचीही पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. गेल्या महिन्यात सर्वसाधारण सभेच्या आधी मी सेक्रेटरींना लेखी दिलं: तळमजल्यावर एक गाळा गिरणीसाठी राखावा, हा विषय घ्या. ते चांगले गृहस्थ आहेत, चहा पाजला. मग म्हणाले, "वहिनी, पीठ उडतं, पट्ट्याचा आवाज होतो, वर ज्यांचे फ्लॅट येतील ते विरोध करतील. त्यापेक्षा एटीएम आलं तर भाडं बघा." मी म्हटलं, हल्ली बंदिस्त मशीन येते, धूळ बाहेर येत नाही. ते म्हणाले, "विषयपत्रिकेत आता बसणार नाही, ऐनवेळच्या विषयांत मांडा."

सभा पुढच्या रविवारी आहे. मोटर किती अश्वशक्तीची लागते, आवाज किती डेसिबल होतो, भाडं किती झेपेल, हे विचारायला मी गिरणीवाल्या काकांना गावी फोन केला. त्यांनी सगळं नीट सांगितलं, मी लिहून घेतलं. शेवटी त्यांनी विचारलं, "दळण किती घरं टाकतील, ते विचारलंत का?" तेवढं राहिलं होतं. आज संध्याकाळी सासूबाई आणि मी वही घेऊन मजल्यांवर निघालोय. सुरुवात कुरडयांच्या काकूंपासून.